रामटेक ते चाकण : प्रेमगीतातल्या अतिशयोक्तीचा आढावा

अतिशयोक्ती अलंकाराचे उदाहरण स्पर्धा परीक्षेच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा, तो दमडीच्या तेलाचे गाणे म्हणून दाखवेल. दमडीचे तेल, त्यात सासू-सासऱ्यांचे सगळे उरकते, आणि उरलेले सांडते तेव्हा त्याचा ओघळ गावच्या वेशीपर्यंत पोचतो. व्याकरणाच्या पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या हेच उदाहरण आहे आणि ते बदलावे असे कोणाला वाटलेले नाही. चंद्रमुखी नायिका, हरिणाचे डोळे, चाल पाहून लाजणारे हंस असा सगळा ऐवज हाताशी असताना मराठीने मुलांना अतिशयोक्ती शिकवण्यासाठी निवडला तो गरीब घरातला तेलाचा तुटवडा. जे कमी पडते तेच माणूस वाढवून सांगतो, हे त्या गाण्याला पक्के ठाऊक आहे.

प्रेमगीतांकडे पाहताना मी हेच सूत्र धरून चाललो आहे. प्रेमात कमी काय पडते? रूप, दागिने, फुले यांची आठवण आधी येते. पण मराठी मुलखातली गाणी जुन्यापासून नव्यापर्यंत चाळली की वेगळेच दिसते. कमी पडतो तो सहवास, आणि तो बहुतेक वेळा पोटामागे गेल्यामुळे कमी पडतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे पुस्तकातून कळावे लागत नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, चिंचवड-आकुर्डी-भोसरी भरत गेली, १९८२ मध्ये महापालिका झाली. २००९-१० च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र अशा कंपन्यांचे कारखाने सुरू झाले आणि पुणे-नाशिक रस्त्याने ही रांग खेड तालुक्यात पक्की शिरली. या सगळ्या काळात इथे जो आला तो मागे कोणाला तरी ठेवून आला. आधी सातारा, सांगली, सोलापूर. मग मराठवाडा, खानदेश, विदर्भ. आता बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा. कॉट बेसिसच्या खोलीत राहणारा हा मुलगा कंपनीच्या बसमध्ये कानात हेडफोन घालून बसतो तेव्हा गाणे बहुधा प्रेमाचेच असते. त्यात कोणी तरी कोणासाठी चंद्र-तारे तोडून आणत असतो, आणि ऐकणाऱ्याला दिवाळीची सुट्टी जोडून एक रजा मिळवायची तर ठेकेदाराच्या माणसामागे आठवडाभर फिरावे लागते.

वाढवून बोलावे ते किती, याचा विचार संस्कृत काव्यशास्त्रकारांनी फार आधी केला. भामह आणि दंडी या दोघांनीही अतिशयोक्तीला इतर अलंकारांच्या मुळाशी बसवले. रोजच्या बोलण्याची हद्द ओलांडल्याशिवाय काव्य होत नाही, ही त्यांची धारणा. पण दंडीने लगेच लगामही घातला. ‘काव्यादर्शा’त त्याने कांती नावाचा गुण सांगितला : लोकव्यवहाराला सोडून न जाणारी शोभा. तिच्या समोर त्याने अत्युक्ती उभी केली आणि ती गौड देशाच्या कवींना आवडते, असा चिमटाही काढला. अत्युक्तीचे त्याने दिलेले उदाहरण आजच्या डीजेवरच्या गाण्यालाही शोभेल. नायिकेचा उरोभाग पुढे केवढा होणार याचा अंदाज न घेताच ब्रह्मदेवाने आकाश लहान करून ठेवले, असे कवी म्हणतो! टूलरूममध्ये काम करणाऱ्याला दंडीचा मुद्दा फोड करून सांगावा लागणार नाही. ड्रॉइंगवर मापाशेजारी टॉलरन्स लिहिलेला असतो. तेवढे इकडे-तिकडे चालते, त्यापुढे जॉब रिजेक्ट. दंडीने प्रेमाच्या भाषेला टॉलरन्स हवा असे सांगितले, त्याचा आकडा मात्र ऐकणाऱ्यावर सोपवला.

हा आकडा गावोगावी आणि काळानुसार बदलतो. फारसी परंपरेत तो सैल होता. हाफिजने शिराझच्या सुंदरीच्या गालावरच्या तिळावर समरकंद आणि बुखारा ओवाळून टाकले. आख्यायिका अशी की तैमूरने त्याला बोलावून जाब विचारला : मी तलवार चालवून जी शहरे मिळवली ती तू एका तिळापायी वाटतोस? हाफिज म्हणाला, अशा उधळपट्टीमुळेच तर माझी ही दशा झाली. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यातले शहाणपण खरे आहे. ज्याच्याकडे काहीच नाही तोच शहरे दान करू शकतो. तैमूरने हेच वाक्य उच्चारले असते तर ती अतिशयोक्ती झाली नसती, दानपत्र झाले असते.

महाराष्ट्राचा स्वभाव याच्या उलट दिशेने सुरू झाला. सातवाहन राजा हाल याच्या नावावरची ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतात आहे. सातशे गाथा, बहुतेक प्रेमाच्या, आणि बहुतेकींतली माणसे शेतकरी, गुराखी, व्याध, वाटसरू. इथली नायिका फार बोलत नाही. प्रवाशाला झोपायची जागा दाखवताना, नवऱ्याच्या परतण्याचे दिवस मोजताना, गोदेच्या काठच्या झाडीविषयी सहज काही सांगताना ती जे बोलत नाही तेच वाचणाऱ्याला ऐकू येते. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त ध्वनीची उदाहरणे म्हणून या जातीच्या गाथा निवडल्या त्या काही उगाच नाहीत. तरीही जिथे नवरा परगावी गेलेला असतो तिथे या संयमी गाथांचाही आवाज चढतो. विरहाने बाई वाळते, तिच्या हातातून कांकणे गळतात. मराठी मुलखातल्या प्रेमकवितेत अतिशयोक्तीने पहिल्यांदा पाऊल टाकले असेल तर ते या परगावी गेलेल्या माणसाच्या मागोमाग.

‘मेघदूता’तल्या यक्षाचे मनगट असेच वाळलेले आहे, त्याचे सोन्याचे कडे गळून पडले आहे. कालिदासाच्या या नायकाविषयी एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. तो कुबेराचा नोकर आहे. कामात हयगय केली म्हणून धन्याने त्याला एक वर्ष घरापासून दूर धाडले आणि तो रामगिरीवर, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते नागपूरजवळच्या रामटेकला, येऊन पडला. वर्षभराची शिक्षेची बदली, रजा नाही, कुटुंब न्यायची मुभा नाही. आठ महिने काढल्यावर त्याने ढगाला निरोप्या केले. धूर, वारा, पाणी यांच्या पुंजक्याला निरोप कसा कळणार, ही शंका कालिदासाने स्वतःच काढली आणि प्रेमाने व्याकूळ माणसाला एवढे भान नसते असे म्हणून मिटवली. अतिशयोक्तीची याहून चांगली कैफियत मला दुसरीकडे सापडलेली नाही. कवीला ती खोटी आहे हे माहीत आहे, तसे तो उघड सांगतो आणि मग पुढचे शंभरेक श्लोक निर्धास्तपणे ढगाला रस्ता समजावत राहतो.

आपला पट्टा देहू आणि आळंदी यांच्या मधोमध आहे. चाकणहून आळंदी जवळ, निगडीहून देहू जवळ. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्यांमध्ये चंदन, चांदणे, मंद वारा असे जे जे थंड मानले गेले ते सगळे नायिकेला भाजते. ही संस्कृतातली जुनीच रीत, पण प्रियकराच्या जागी देव आल्यावर टॉलरन्सचा प्रश्नच उरत नाही, कारण जो अमर्याद आहे त्याच्यासाठी कोणते माप जास्त म्हणणार? देहूच्या तुकोबांना अनुभवाशिवायचे शब्द खपत नसत, तरी विरहाच्या आणि भेटीच्या आर्ततेत तेही हात आखडता घेत नाहीत. भजनी मंडळात बसणाऱ्या कामगाराला ही भाषा रोजची आहे. तीच भाषा बायकोसाठी वापरायची म्हटली की तो लाजतो, हा वेगळा विषय.

लावणीपाशी मात्र थांबायला हवे, कारण मराठी प्रेमगीताची भडक, ठसकेबाज बाजू इथे घडली. उत्तर पेशवाईतले शाहीर म्हटले की दरबार, दुसरा बाजीराव, शालजोडी असे चित्र डोळ्यांपुढे येते. पण त्यांचे धंदे पाहा. होनाजी गवळी होता. परशराम शिंपी. सगनभाऊ शिकलगार, म्हणजे तलवारी-कट्यारींना धार लावणारा. भोसरीत आज त्याला टूल ग्राइंडिंगवर घेतले असते. रामजोशी सोलापूरचा ब्राह्मण, पण घरच्यांचा रोष पत्करून तमाशात गेलेला. हाताने काम करणाऱ्या माणसांनी ही अतिशयोक्ती रचली, म्हणून ती मोकळी नसते, तिला वस्तूंचे वजन असते. लावणीतली नायिका नखशिखान्त सजते तेव्हा प्रत्येक दागिन्याचे नाव येते, लुगड्याचा काठ आणि पदर वेगळे सांगितले जातात. सुंदर आहे एवढे म्हणून हा शाहीर पुढे जात नाही, तो माल मोजून दाखवतो. आणि नायिकेचा नवरा कुठे असतो? मोहिमेवर. दसऱ्याला निघालेला, उत्तरेत अडकलेला, पत्र नाही, हुंडी नाही. शृंगाराच्या लावण्यांवर नाके मुरडणाऱ्यांनी त्यांतल्या विरहाच्या लावण्या वेगळ्या काढून वाचाव्यात. एका लष्करी समाजाच्या रिकाम्या घरांची ती नोंद आहे. एक खोट आहे खरी. बाईचा तो सगळा कळवळा पुरुषाने लिहिलेला आहे, आणि तिने आपल्यासाठी किती झुरावे याचे माप पुरुषांनी नेहमी सढळ हाताने घातले आहे.

बाईने स्वतः माप घातले की ते कसे पडते, याचा पुरावा आपल्या उशालाच आहे. मुळशीच्या डोंगरी भागात काम करताना गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. मुळशी, मावळ आणि पुढे राज्यभरातली हजारावर गावे, एक लाखाहून जास्त ओव्या. त्या आता ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’च्या (‘पारी’च्या) संकेतस्थळावर वाचता आणि ऐकताही येतात. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये त्याआधी असाच साठा केला होता. या ओव्यांत अतिशयोक्ती भरपूर आहे, पण तिची वाटणी पाहून पुरुषांनी थोडे अंतर्मुख व्हावे. सर्वांत मोठा वाटा भावाला. त्याचा वाडा, त्याची बैलजोडी, त्याने आणलेली चोळी यांना तोड नसते. मग लेक, मग माहेर, मग पंढरीचा विठ्ठल. नवरा येतो तो बहुधा कुंकवाच्या आडून. त्या कुंकवापुढे जरीचे लुगडे फिके ठरवायचे, पण त्याचे नाव घ्यायचे नाही. नाव घ्यायची सोय उखाण्यात, तिथेही यमकाचा पदर पुढे ओढून. तेलाच्या गाण्यातले सूत्र इथे अगदी उघडे दिसते. भाऊ वर्षातून एकदा दिसतो, म्हणून तो मोठा होतो. नवरा समोरच असतो.

छापील कवितेत अतिशयोक्तीचा राजा एकच, राम गणेश गडकरी. गोविंदाग्रज या नावाने कविता लिहिणाऱ्या गडकऱ्यांना प्रेमाचे शाहीर म्हणून लोकांनी डोक्यावर घेतले, ‘वाग्वैजयंती’ त्यांच्या मृत्यूनंतर १९२१ मध्ये निघाली, आणि १९२५ मध्ये त्यांना गुरू मानणाऱ्या अत्र्यांनी केशवकुमार या नावाने ‘झेंडूची फुले’ काढली. ‘प्रेमाचा गुलकंद’ ही त्यांची कविता शाळेत न शिकताही माहीत असते. प्रियकर रोज गुलाब देतो, आणि त्या गुलाबांचे पुढे काय झाले ते शीर्षकातच आहे. विडंबन नुसते थट्टा करत नाही, हिशेब विचारते : दिलेल्या फुलांचे वजन किती, त्यांना साखर किती लागली? प्रेमगीतावर मराठीत झालेली ही सर्वांत चोख टीका, आणि ती करणाऱ्याचे नाव पिंपरीतल्या संत तुकारामनगरच्या नाट्यगृहाला आहे हे मला मोठे समर्पक वाटते. त्यानंतर माधव जूलियनांनी फारसीतली गझल ‘गज्जलांजली’तून मराठीत रुजवली, पुढे सुरेश भटांनी तिला मराठी हाड-मांस दिले. भावगीताने आवाज खाली आणला. कंदिलाच्या उजेडात बोलावे तसे ते बोलते. शांता शेळके भावगीतही लिहीत आणि ठसकेबाज लावणीही, आणि दोन्हीकडे माप चुकत नसे. पण भावगीताचे घर मध्यमवर्गाचे होते. कारखान्याच्या माणसाची वाट दुसरीकडून गेली.

ती वाट ‘माझी मैना’ या छक्कडीपाशी येते. अण्णा भाऊ साठे वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेले, गिरणीत राबलेले. १९४४ मध्ये त्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक काढले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही छक्कड गाजली आणि आजही १ ऑगस्टला त्यांच्या जयंतीच्या मिरवणुकीत ती वाजल्याशिवाय राहत नाही. गाण्यात मुंबईला निघालेला नवरा गावी राहिलेल्या बायकोचे वर्णन करतो. गव्हाळ रंग, चंद्राची कोर, रामाची सीता : उपमा सगळ्या ठेवणीतल्या, लावणीने वापरून गुळगुळीत केलेल्या. अण्णा भाऊंना नव्या उपमा सुचत नव्हत्या असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी जुन्याच घेतल्या, कारण त्यांना पुढे काही वेगळे करायचे होते. गाव संपते तिथे बायको हिरमुसते आणि तो तिला हसवायला निघतो. पत्रांची खैरात करीन म्हणतो, तोडे, साज, वज्रटीक अशी दागिन्यांची यादी लावतो. भाकरतुकडा बांधून पोटासाठी निघालेला माणूस शिंदेशाही तोड्यांचे वचन देतो! आणि तिला त्यातले काहीच नको असते.

मराठी प्रेमगीतात अतिशयोक्ती इतकी उघडी क्वचितच पडली असेल. खोटे बोलणाऱ्याला ते खोटे आहे हे माहीत, ऐकणारीलाही माहीत. तो बोलतो ते तोडे द्यायचे म्हणून नाही, तर जाणे टाळता येत नाही म्हणून. पुढे मुंबईची मगरूर श्रीमंती आणि तिच्यातली त्याची बेकारी येते, आणि शेवटी ही ताटातूट सीमाभागाची होते. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव महाराष्ट्राबाहेर राहिले, जशी मैना गावी राहिली. बायकोच्या विरहाला एका राज्याच्या नकाशाएवढे करणे ही अतिशयोक्तीची कमाल मर्यादा आहे, आणि ती पचते, कारण आधीचा भाकरतुकडा खरा आहे. मुंबई महाराष्ट्राला मिळाली, १ मे १९६० ला राज्य झाले. गाणे मात्र अजून लागू आहे, कारण मैना अजून गावीच आहे. फक्त गाव आता लातूर, जळगाव किंवा सिवान असते.

हिंदी चित्रपटाने या माणसाला काय दिले हेही पाहावे लागेल, कारण खोलीवर मराठीइतकेच हिंदी वाजते. मजरूह, हसरत या गीतकारांनी चंद्र-ताऱ्यांची टांकसाळ चालवली. त्यात खरी नाणीही पडली. पण दोन नावे वेगळी काढली पाहिजेत. शैलेंद्र माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये उमेदवारी केलेले, आणि त्यांच्या प्रेमगीतात साधे बोलणेच भारी पडते. साहिरांनी ‘ताजमहल’ ही नज्म लिहून थेट सवाल केला : बादशहाने संगमरवरात केलेली ही अतिशयोक्ती गरिबाच्या प्रेमाची थट्टा नाही का? मराठीत नारायण सुर्व्यांनी चंद्र आकाशातून काढून भाकरीजवळ आणून ठेवला. त्यानंतर कामगाराच्या तोंडी चंद्र तोडून आणण्याची भाषा घालणाऱ्या गीतकाराने क्षणभर तरी थबकायला हवे होते. बहुतेक थबकले नाहीत.

‘सैराट’ने २०१६ मध्ये वेगळीच युक्ती केली. शब्द करमाळा-अकलूजच्या बोलीतले, साधे, लाजरे. आणि खाली हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद. शब्दाने जे सोडून दिले ते अजय-अतुल यांच्या व्हायोलिनांनी उचलले. अतिशयोक्ती वाद्यमेळात गेली आणि मुलगा बोलताना खरा राहिला. मला तरी ही गेल्या काही वर्षांतली सर्वांत हुशार वाटणी वाटते. शिवाय प्रेमासाठी मरण्याची जी भाषा इतर गाण्यांत बोलण्यापुरती असते ती या चित्रपटाने शेवटच्या दृश्यात अक्षरशः घेतली. जातीबाहेर लग्न करून या पट्ट्यात भाड्याच्या खोलीत संसार मांडणाऱ्यांना तो शेवट कल्पनेतला वाटत नाही.

आता थोडे विषयांतर. खेड, मावळ, हवेलीत सध्या सर्वांत बेफाम अतिशयोक्ती कोणाच्या वाट्याला येत असेल तर ती प्रेयसीच्या नाही, बैलाच्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलगाडा शर्यतींवर घातलेली बंदी २०२१ च्या डिसेंबरात सशर्त उठली, १८ मे २०२३ च्या निकालाने शर्यतींना परवानगी देणाऱ्या राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब झाले, आणि बैलगाड्यांच्या गाण्यांना ऊत आला. बैल वाऱ्याला मागे टाकतो, घाटात वीज चमकते, मालकाचे नाव जिल्ह्यात गाजते. ज्या उत्कटतेने ही गाणी गायली जातात ती पाहता कोणा कारभारणीने हेवा केला तर तिला दोष देता येणार नाही. इथेही सूत्र तेच : जमीन एमआयडीसीत गेली, शेती उरली नाही, आणि गाण्यात बैल आभाळाएवढा झाला.

आजच्या मोबाइलवरच्या गाण्यांत मात्र चंद्र फारसा दिसत नाही. जळगावकडच्या संजू राठोडचे ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये देशभर गाजले. त्यात मागणी काय, तर साडी, ओठांची लाली आणि आपला एक चांगला फोटो. ‘झुमकावाली पोर’ या अहिराणी गाण्याने कोट्यवधी प्रेक्षक मिळवले तेही एका कानातल्या दागिन्यावर. काहींना यात प्रेमगीताचा ऱ्हास दिसतो. मला दिसत नाही. चौदा-पंधरा हजारांच्या पगारात साडी परवडते, चंद्र परवडत नाही. गाणे ऐकणाऱ्याच्या खिशाजवळ आले आहे, एवढेच. लावणीच्या शाहिरानेही काठपदर मोजूनच सांगितला होता. भोजपुरी गाण्यांचा बाज निराळा, पण त्यांच्याही मुळाशी परदेशी गेलेला नवरा आहे. भिखारी ठाकूरांच्या ‘बिदेसिया’तला नायक कलकत्त्याला गेला आणि बायको वाट पाहत राहिली. त्याच सारण-सिवानकडचा पोरगा आज महाळुंग्याच्या खोलीत तेच दुःख नव्या, बऱ्याचदा बटबटीत, तालावर ऐकतो. शेजारच्या कॉटवर बीडचा मुलगा असतो. दोघांना एकमेकांची भाषा अर्धीमुर्धी कळते, गाण्यातली तक्रार पूर्ण कळते.

व्हिडिओ कॉल आल्यावर विरह संपायला हवा होता. संपला नाही, त्याची भाषा तेवढी आटली. जो चेहरा रोज रात्री पडद्यावर दिसतो त्याला चंद्र म्हणायला जीभ धजत नाही, कारण समोरून लगेच विचारले जाते, जेवलास का? आणि नवा विरह तर एकाच घरात आहे. तो सेकंड शिफ्टला, ती हार्नेसच्या लाईनवर फर्स्ट शिफ्टला. तो रात्री उशिरा येतो तेव्हा ती झोपलेली, ती पहाटे निघते तेव्हा तो झोपलेला. डब्यावर डबा ठेवलेला सापडतो, तेवढीच भेट. प्रोषितभर्तृका म्हणजे जिचा नवरा परगावी गेला आहे ती नायिका, अशी शास्त्रकारांनी नोंद केली. नवरा त्याच दहा बाय दहाच्या खोलीत असून भेटत नाही अशा नायिकेची सोय त्यांच्याकडे नाही. गीतकारांकडेही अजून नाही.

एका जातीच्या अतिशयोक्तीविषयी मात्र मला सबुरीने बोलवत नाही. तू माझी झाली नाहीस तर मी मरेन, इथपर्यंत ते गाऱ्हाणे असते. तू माझी झाली नाहीस तर कोणाचीच होऊ देणार नाही, इथे ती धमकी होते, आणि चाल गोड असली तरी धमकीच राहते. मुलीच्या मागे जाणे, तिचा नकार म्हणजे लाजणे समजणे, हे चित्रपटगीतांनी वर्षानुवर्षे गोंडस करून दाखवले. २०१३ च्या कायदादुरुस्तीने पाठलाग हा गुन्हा ठरला. गाण्यामुळे कोणी गुन्हा करतो असे सरळ गणित मांडणे भाबडेपणाचे आहे. पण शिफ्ट सुटल्यावर अंधारात बस थांब्यापर्यंत चालत जाणाऱ्या मुलीला त्या ओळी कशा ऐकू येत असतील, हे लिहिणाऱ्याने एकदा तरी मनात आणावे. मैनेला खोटे तोडे कबूल करणाऱ्याला ती नको म्हणू शकत होती. जिथे ऐकणारीला नको म्हणायची जागा उरत नाही तिथे अलंकार संपतो.

पिंपरीत २०१६ च्या जानेवारीत ८९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. कामगार कल्याण मंडळाच्या भजनाच्या, नाट्याच्या स्पर्धा दरवर्षी होतात. जात्यावरच्या ओव्या जमवणाऱ्यांनी गावोगाव हिंडून लाखभर ओव्या वाचवल्या, तेव्हा जाती बंद पडत चालली होती. तशी नोंद आता इथल्या गाण्यांचीही व्हायला हवी. या पट्ट्यातल्या खोल्यांवर, कंपनीच्या बसमध्ये, आखाडातल्या पार्टीत आणि हळदीच्या मांडवात आज मराठी, अहिराणी, वऱ्हाडी, भोजपुरी प्रेमगीते रचली जातात, जुन्या चालींवर नवे शब्द बसवले जातात, मोबाइल बदलला की पुसलीही जातात. चिंचवड, आकुर्डी, राजगुरुनगर, चाकण इथल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आपल्याच विद्यार्थ्यांना ही गाणी उतरवून घ्यायला सांगावे. त्यांतले कित्येक जण सकाळी वर्गात आणि रात्री लाईनवर असतात. बोलीसकट, कारखान्याच्या शब्दांसकट, जशीच्या तशी, आणि गाणाऱ्याची परवानगी घेऊन. ज्यांच्या वहीत किंवा फोनमध्ये असे एखादे गाणे असेल त्यांनी ते बटबटीत आहे म्हणून लपवू नये.